कोल्हापूरच्या थंडीला वाकळच पुरते

पोरांना थंडीत काय द्यायचं म्हटलं की लोक कोल्हापूरजवळच्या गांधीनगरचा कापडबाजार गाठतात आणि जाडजूड पॉलिस्टरचं ब्लँकेट उचलून आणतात. आपल्या थंडीला ते चुकीचं आहे, असं माझं स्पष्ट मत. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडं पहाटे पारा १४-१५ अंशांवर येतो आणि दुपारी २९-३० वर जातो. रात्री दहाला पोराला पांघरूण नको असतं, पहाटे चारला लागतंच. पॉलिस्टर घाम टिपत नाही. पोर घामेजतं, पांघरूण लाथाडतं आणि नेमकं गारठ्याच्या वेळी उघडं पडतं. धनगरी घोंगडं उबेला झकास, पण पोराच्या अंगाला टोचतं. उरली जुन्या सुती लुगड्याची वाकळ, म्हणजे थरांवर थर शिवलेली गोधडी. खर्च सुई-दोऱ्याचा.

तीन ते सात वर्षांच्या पोराला ३ फूट बाय ४ फूट पुरते. मोठी शिवू नका, गुंडाळा होतो आणि पोराला स्वतःची स्वतः ओढता येत नाही. साडेपाच मीटरच्या एका सुती साडीतून ३८ बाय ५० इंचांचे चार तुकडे निघतात. पाचवा थर धोतराचा किंवा जुन्या चादरीचा. वर-खाली धरून पाच थर बास. वजन अर्धा-पाऊण किलो, आणि धुतली तर दुपारच्या उन्हात वाळते.

साडी सुतीच आहे ना, हे आधी बघा. एक धागा काढून जाळा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि राख होते, सिंथेटिक वितळून त्याची कडक गुठळी होते. मग कापड उजेडासमोर धरा. निऱ्यांचा खालचा भाग बहुतेक विरलेला असतो, तो आतल्या थरात टाका. वरचा-खालचा थर धडधाकट हवा. लाल आणि गडद निळ्या कापडावर ओलं पांढरं फडकं घासून बघा. रंग लागला तर ते कापड बाजूला ठेवा. नवं कापड घालणार असाल तर आधी गरम पाण्यातून काढा, नाहीतर पहिल्या धुण्यात तेवढंच आटतं आणि वाकळीला कायमच्या चुण्या पडतात. आत घोंगड्याचा तुकडा घालायचा मोह होतो. नको. चोळून धुतल्यावर लोकर आवळते, सूत तसंच राहतं आणि वाकळ मध्येच गोळा होते.

आता मांडणी. खरी वाकळ इथंच जमते किंवा बिघडते. फरशीवर खालचा थर उलटा पसरा. आतले तीन थर चारी बाजूंनी इंचभर कमी कापलेले असावेत. प्रत्येक थर मधून कडेकडे तळव्यानं सारत न्या, कोपऱ्यांवर वजन ठेवा आणि वीत-वीत अंतरावर लांब कच्चे टाके घाला. तेही मधून बाहेर. ही पायरी गाळली की शिवताना आतलं कापड सरकतं आणि शेवटी मधोमध फुगा येतो. तो उसवल्याशिवाय जात नाही. मग वरच्या-खालच्या थराच्या कडा इंचभर आत दुमडून शिवा आणि कडेपासून फेरे घेत मध्यापर्यंत धावदोरा घालत या. टाका तांदळाएवढा, दोन ओळींत दोन बोटं अंतर. दोरा जाड सुतीच घ्या. पॉलिस्टरचा मजबूत असतो खरा, पण जुन्या मऊ कापडाला हळूहळू कापतो. एका वेळी हातभरच ओवा, लांब घेतला की गुंतून गाठी पडतात. गाठ थरांच्या मध्ये लपवा. दोरा ओढून आवळू नका. ऊब थरांमध्ये अडकलेल्या हवेची असते, आवळलं की ती जागाच राहत नाही.

दोन बोटं म्हणजे साधारण ३ सेंमी धरले तर सगळी शिवण ३६ मीटर होते. तासाला अडीच मीटर म्हणजे १४-१५ तास. समोरासमोर दोघी बसल्या तर निम्मे. संक्रांतीला द्यायची असेल तर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात टाचून तयार ठेवा.

वर्षाच्या आतल्या बाळाला झोपेत ती पांघरू नका, तोंडावर येण्याचा धोका असतो. जागेपणी अंगाखाली पसरायला चालेल. टिकल्या, मणी, बटणं लावून सजवू नका. लहान पोरं ती तोंडात घालतात.

एवढा वेळ नसेल तर जुन्या स्वेटरची टोपी करा. चार-पाच वर्षांच्या पोराचं डोकं ५० सेंमीच्या आसपास असतं. स्वेटरची खालची पट्टी टोपीची कड धरायची, सपाट रुंदी २५ सेंमी, उंची २३, वरचे कोपरे गोल. कापण्याआधी खुणेच्या आतून मशीनची नागमोडी शिलाई मारा, नाहीतर विणकाम सुटत जातं. हनुवटीखाली बांधायच्या नाड्या नकोत.

फुटलेल्या ओठांना आणि टाचांना कोकम तेल. घाटाखालून येणारे त्याचे घट्ट गोळे बाजारात मिळतात. २० ग्रॅम गोळा किसून ३० ग्रॅम तिळाच्या तेलात घाला, वाटी गरम पाण्यात ठेवून वितळवा, मलमलीतून गाळा आणि डबीत ओतून लगेच गार पाण्यात ठेवा. सावकाश थिजलं तर रवाळ होतं. डबी कोरडी ठणठणीत हवी. कापूर अजिबात घालू नका. पोटात गेला तर लहान पोरांना तो विषारी आहे.

ऊसतोड टोळ्यांच्या खोपींवर वाकळा देणाऱ्यांना एवढंच सांगणं: तिथं जमिनीची ओल आणि दव असतं, म्हणून ४ बाय ५ फुटांची, सात थरांची, गडद रंगाची शिवा. आधी टोळीत पोरं किती आहेत ते विचारा आणि तेवढ्या होईपर्यंत थांबा. आठ पोरांत पाच वाकळा नेल्या की तिघांचं तोंड बघवत नाही. आणि कृपा करून, देताना पोरांचे फोटो काढू नका.