‘बोललो होतो ना आपण कॉलवर!’

हे वाक्य ऐकलं की आता डोकंच फिरतं. कोणत्या कॉलवर? कोण कोण होतं त्यात? कुठे लिहिलंय? एकाही प्रश्नाचं उत्तर मिळत नाही, डिफेक्ट, म्हणजे सॉफ्टवेअरमधली चूक, मात्र आमच्या नावावर पडतो.

आमच्या सॉफ्टवेअर टीममध्ये दिवसभर कॉल लावायचे आणि त्याला कम्युनिकेशन म्हणायचं, एवढंच चाललंय. स्क्रम या कामाच्या पद्धतीच्या नियमाप्रमाणे सकाळचा स्टँड-अप, म्हणजे रोजची छोटी मीटिंग, 15 मिनिटांचा. टीमने आपापसात दिवसाचं काम जुळवून घ्यावं, अडलेलं सांगावं, यासाठी तो असतो. आमच्याकडे मॅनेजर हजेरी घेतल्यासारखा एकेकाचा स्टेटस घेतो, त्यात पाऊण तास जातो. ज्याचं खरंच काही अडलंय त्याला ‘हे ऑफलाइन घेऊ’, म्हणजे नंतर वेगळं बोलू, म्हणून गप्प करतात. ते ऑफलाइन कधीच उजाडत नाही.

परवाचंच घ्या. एपीआय म्हणजे एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याकडून माहिती मागवायची सोय; तिच्या रिस्पॉन्समधलं, म्हणजे येणाऱ्या उत्तरातलं, ग्राहकाचं स्टेटस फील्ड बदललं. आधी 0 किंवा 1 यायचं, आता ‘ॲक्टिव्ह’, ‘पेंडिंग’ असे शब्द येतात. बदल चुकीचा नव्हता, क्लायंटला तिसरं स्टेटस हवंच होतं. पण ठरलं कुठे? क्लायंट, मॅनेजर आणि सॉफ्टवेअरचा आराखडा ठरवणारा आर्किटेक्ट यांच्या कॉलवर. स्क्रीन लिहिणारी मुलगी त्यात नव्हती, टेस्टर नव्हता. टिकेट, म्हणजे त्या कामाची ऑनलाइन नोंद, उघडलं तर डिस्क्रिप्शनमध्ये दोनच शब्द: ‘ॲज डिस्कस्ड’, म्हणजे बोलल्याप्रमाणे. स्क्रीन अजून जुना 0-1 च शोधत होती, त्यामुळे रिलीजच्या आदल्या संध्याकाळी यूएटीवर, म्हणजे क्लायंटच्या चाचणीसाठीच्या सिस्टीमवर, सगळे ग्राहक इनॲक्टिव्ह दिसायला लागले.

आणि मग अख्ख्या टीमला मेल, क्लायंटचा लीड सीसीत. ‘तू ओनरशिप घ्यायला हवी होतीस.’ कोणाला उद्देशून? जॉइन होऊन वर्षही न झालेल्या त्या मुलीला! कशाची ओनरशिप? जे तिला कोणी सांगितलंच नाही त्याची? ती रात्री उशिरापर्यंत बसून फिक्स करत होती आणि मध्येच मला विचारत होती, ‘मेलला उत्तर काय देऊ? सॉरी लिहू का?’ कॉलवर हजर असलेल्या तिघांपैकी एकानेही त्या मेलवर तोंड उघडलं नाही. माझा संताप या गोष्टीचा आहे. बग काय, तासाभरात निघतो.

1999 मध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर अशाच घोळात गेलं. एका बाजूचं सॉफ्टवेअर पाउंड-फोर्स सेकंद या ब्रिटिश युनिटमध्ये आकडे देत होतं, दुसरी बाजू ते न्यूटन-सेकंद हे मेट्रिक युनिट समजून वापरत होती. यान मंगळाच्या फार जवळून गेलं आणि हातचं गेलं. चौकशी समितीने नुसतं युनिटवर बोट ठेवून विषय संपवला नाही. टीम-टीममधला संवाद अपुरा होता, हेही अहवालात लिहिलं. माणसाकडून चूक होतेच, ती वेळीच पकडणारी व्यवस्था कमी पडली, असं नासाने तेव्हा उघड सांगितलं. एवढं यान गमावून ते हे बोलू शकतात, आणि आमच्याकडे एका फील्डसाठी पोरीला सगळ्यांसमोर झापतात.

आता उशीर झाला म्हणून नवीन माणसं आणताहेत. संगणकतज्ज्ञ फ्रेड ब्रूक्स यांनी 1975 मध्येच लिहून ठेवलंय की उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टवर माणसं वाढवली तर उशीर आणखी वाढतो. हिशोब शाळेतला आहे: 5 जणांत बोलणाऱ्यांच्या 10 जोड्या होतात, 10 जणांत 45, 15 जणांत 105. नव्यांना शिकवणार कोण? ज्यांच्या मानेवर आधीच डेडलाइन बसलीय तेच. आणि नवे विचारतात, डॉक्युमेंट कुठे आहे? काय दाखवायचं त्यांना?

मला नवीन टूल नको, कम्युनिकेशन स्किल्सचं ट्रेनिंग तर मुळीच नको. कॉल संपला की टिकेटमध्ये चार ओळी लिहा: काय बदललं, का बदललं, कोणी ठरवलं, कोणाच्या कामाला धक्का लागणार. पाच मिनिटांचं काम आहे, आणि ते मॅनेजरचंच काम आहे. कोणाला झापायचंच असेल तर एकट्याला बाजूला घेऊन बोला. आणि त्या मुलीला जो मेल गेला, त्याची दुरुस्ती त्याच सगळ्यांना, क्लायंटच्या लीडला सीसीत ठेवूनच गेली पाहिजे, आणि ती निर्णय घेणाऱ्याच्या नावाने गेली पाहिजे.