मैला जातो, मीठ जात नाही : शुद्ध केलेल्या सांडपाण्यावरच्या मजकुराला उत्तर

सांगली-मिरजेकडच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मजकूर फिरतोय. त्यातले दावे थोडक्यात असे : सांडपाणी कितीही शुद्ध केलं तरी विषच राहतं, घरात वापरलं की रोगराई, शेताला दिलं की जमीन क्षारपड, कारखान्यांना तर त्याचा उपयोगच नाही. यातला शेतीचा मुद्दा अर्धा खरा आहे, म्हणून तो शेवटी आणि सविस्तर घेऊ.

‘एकदा नासलेलं पाणी सुधारत नाही’

मजकुरात दाखला सांगलीच्या शेरीनाल्याचा आहे. नाल्यातलं काळं पाणी म्हणजे प्रक्रिया न झालेला मैला. तो दाखवून प्रक्रिया केलेल्या पाण्याला नावं ठेवता येत नाहीत. कच्च्या सांडपाण्याची बीओडी (त्यातली घाण कुजवायला जंतूंना लागणारा ऑक्सिजन, म्हणजे घाणीचं माप) लिटरला साधारण २०० ते ३०० मिलिग्रॅम असते. केंद्राच्या २०१७ च्या अधिसूचनेनुसार आपल्यासारख्या शहरांत प्रक्रियेनंतर ती ३० च्या आत आणि विष्ठेतले कोलिफॉर्म जंतू १०० मिलिलिटरला १,००० च्या आत हवेत. केंद्र नीट चालत नसेल तर तो दोष चालवण्याचा, आणि त्याचा जाब जरूर विचारावा. आफ्रिकेतल्या नामिबियाची राजधानी विंडहोक तर १९६८ पासून असं पाणी आणखी शुद्ध करून पिण्यासाठी वापरतं. आपणही वाईपासून कऱ्हाडपर्यंतच्या वस्त्यांचं वापरलेलं पाणी मिसळलेल्या कृष्णेतूनच पाणी उचलतो.

‘घरात वापरलं की रोगराई’

संडासचं पाणी आणि न्हाणीचं पाणी एक नव्हे. पाच माणसांच्या घरात अंघोळ आणि कपडे मिळून रोज साधारण ३०० लिटर पाणी निघतं. त्यासाठी ३ मीटर लांब, १ मीटर रुंद आणि अर्धा मीटर खोल खडीचा वाफा पुरतो. खडीतली पोकळी ४० टक्के धरली तर पाणी वरून १० सेंटिमीटर खाली ठेवूनही त्यात ४८० लिटर मावतं, म्हणजे पाणी दीड दिवसाहून जास्त मुरत पुढे सरकतं. तळाला जाड प्लास्टिकचा कागद आणि बाहेरच्या तोंडाकडे हलका उतार द्यावा. दोन्ही टोकांना ४० ते ६० मिलिमीटरचे दगड, मध्ये १० ते २० मिलिमीटरची खडी आणि वर कर्दळ.

बाहेर जाणाऱ्या पाइपाला फिरवता येणारा एल्बो बसवा आणि पाण्याची पातळी खडीच्या १० सेंटिमीटर खाली ठेवा. पाणी उघडं राहिलं की डास होतात. वाफा तुंबतो तो बहुतेक वेळा कपड्यांच्या तंतूंनी आणि खरकट्याच्या तेलानं. म्हणून आत येणाऱ्या पाइपाला नायलॉनची जाळी लावून ती आठवड्याला धुवावी आणि स्वयंपाकघराचं पाणी यात सोडूच नये. बाळाचे लंगोट धुतलेलं पाणीही नको. वाफ्यातून निघालेलं पाणी नारळ-आंब्याच्या आळ्यात द्यावं, मेथी-कोथिंबिरीवर नाही. टाकीत एक दिवसापेक्षा जास्त ठेवलं तर ते पुन्हा सडतं.

‘कारखान्यांना उपयोग नाही’

साखर कारखाने तर उसातून निघालेलं पाणीच पुन्हा वापरतात. ऊस वजनानं सुमारे ७० टक्के पाणीच असतो. दिवसाला ५,००० टन गाळणाऱ्या कारखान्यात उसाबरोबर ३,५०० टन पाणी येतं. त्यातलं साडेसातशे टनांच्या आसपास बगॅसमध्ये, म्हणजे चिपाडात राहतं. उरलेल्यातलं बहुतेक वाफ होऊन कंडेन्सेट, म्हणजे वाफ थंड होऊन झालेलं पाणी, म्हणून हाती येतं. त्यात साखरेचा अंश आहे का हे तपासल्याशिवाय ते बॉयलरला देत नाहीत, कारण साखर उतरली की बॉयलरचं पाणी आम्लधर्मी होऊन नळ्या खराब होतात. शहराचं शुद्ध केलेलं सांडपाणी कूलिंग टॉवरला द्यायचं तर फॉस्फेटचा थर आणि तांब्याच्या नळ्या खाणारा अमोनिया यांचा आधी बंदोबस्त करावा लागतो. नागपूरच्या शुद्ध केलेल्या सांडपाण्यावर कोराडीचं वीज केंद्र चालतं, ते ही काळजी घेऊनच.

‘जमीन क्षारपड होते’

होऊ शकते, पण कारण मजकुरात दिलेलं नाही. नेहमीच्या प्रक्रियेत मैला आणि जंतू कमी होतात, विरघळलेले क्षार जात नाहीत. हिशोब करून बघा. एकराला साडेसात सेंटिमीटरची एक पाळी म्हणजे ३ लाख लिटर पाणी. त्यात लिटरला ८०० मिलिग्रॅम क्षार असले तर एका पाळीत २४० किलो क्षार रानात येतात. निचरा नसेल तर ते तिथंच साठतात. विहिरीच्या पाण्यालाही हेच गणित लागू आहे. वाळवा, मिरज, पलूस तालुक्यांतली क्षारपड रानं शुद्ध केलेल्या सांडपाण्यानं झालेली नाहीत. ती अति पाण्यानं आणि तुंबलेल्या निचऱ्यानं झाली.

म्हणून आधी पाण्यातले एकूण क्षार दाखवणारी ईसी (विद्युत वाहकता, डेसीसायमन प्रति मीटरमध्ये) आणि सोडियमचं प्रमाण सांगणारा एसएआर तपासून घ्या. पाण्याची ईसी ०.७ च्या खाली असेल तर अडचण नाही, ३ च्या वर असेल तर हात लावू नका. मातीची ईसी १.५ च्या वर गेली की द्राक्षाचं आणि १.७ च्या वर गेली की उसाचं उत्पादन घटू लागतं. काळ्या रानात साधारण चार फूट खोल सच्छिद्र पाइपांचा निचरा हवा. नुसता जिप्सम टाकून भागत नाही : तो सोडियम सुटा करतो, पण सुटलेला सोडियम वाहून न्यायला वाट लागते.

ठिबकला वाळूचा फिल्टर आणि त्यानंतर १२० मेशचा जाळीचा फिल्टर हवा. नळ्यांत शेवाळी चिकटा धरतो, म्हणून नळीच्या शेवटच्या टोकाला १ ते २ पीपीएम मोकळा क्लोरीन मिळेल इतकी मात्रा अधूनमधून द्यावी आणि टोकं उघडून नळ्या धुवाव्यात.

नत्राचाही हिशोब ठेवावा. लिटरला २० मिलिग्रॅम नत्र असलेल्या पाण्याच्या एका पाळीतून एकराला ६ किलो नत्र, म्हणजे १३ किलो युरिया मिळतो. तेवढी खताची मात्रा कमी करा. तोडणीआधीचे दोन-तीन महिने मात्र हे पाणी बंद ठेवून दुसरं द्या, कारण उशिरा मिळालेल्या नत्रानं ऊस वाढत राहतो आणि साखर कमी भरते.