आधी कोनशिला, मग हिशेब

अभिनंदन! एका विकसनशील देशाच्या नियोजनमंत्र्याची खुर्ची तुमच्याकडे आली आहे. तिजोरीत पैसा बेताचा, टेबलावर प्रस्तावांचा ढीग, आणि पुढच्या निवडणुकीआधी विकासदर वाढलेला दिसला पाहिजे असा वरून निरोप. आता यातला कुठला प्रकल्प आधी घ्यायचा, एवढंच ठरवायचं आहे. घाबरू नका. हा प्रश्न तुमच्याआधी अनेकांनी सोडवलेला आहे आणि त्यातले बरेच जण पुन्हा निवडूनही आले आहेत.

पहिल्याच आठवड्यात खात्यातला एखादा तरुण अर्थतज्ज्ञ हाउसमान, रॉड्रिक आणि वेलास्को या तिघांचा २००५ सालचा निबंध घेऊन तुमच्या केबिनमध्ये येईल. त्याचा सारांश असा, की वाढीला सगळ्यात जास्त अडवणारा अडसर कुठला ते आधी शोधा आणि पैसा तिथेच घाला. मुलगा हुशार आहे. त्याची पाठ थोपटा आणि त्याला जनगणनेच्या कामाला पाठवा. कारण अडसर शोधायला गेलं की हाती लागतं ते भलतंच किरकोळ असतं. कारखाने अर्धा दिवस बंद असतात, कारण उपकेंद्रातलं रोहित्र जुनं आहे. निर्यातीचा माल बंदरात कुजतो, कारण सीमाशुल्काच्या कागदावर सात सह्या लागतात. आता रोहित्र बदललं तर त्याच्यासमोर सभा कशी घेणार? आणि सातच्या तीन सह्या केल्या तर फीत बांधायची कशाला?

म्हणून पहिला निकष हा, की प्रकल्प हेलिकॉप्टरमधून दिसला पाहिजे. धरण दिसतं, विमानतळ दिसतो, नवी राजधानी तर उपग्रहातूनही दिसते. लसीकरण आणि जमिनीच्या नोंदी दिसत नाहीत. गळकी जलवाहिनी फक्त फुटल्यावर दिसते, आणि तेव्हा ती दुसऱ्या खात्याची असते.

दुसरा निकष स्थळाचा. प्रकल्प कुठे हवा हे नकाशा सांगत नाही, मतदारयादी सांगते. श्रीलंकेत हंबनटोटा हा महिंदा राजपक्षे यांचा जिल्हा. ते राष्ट्राध्यक्ष असताना तिथे बंदर झालं, आणि मार्च २०१३ मध्ये जवळच मत्तला इथे वर्षाला दहा लाख प्रवाशांच्या क्षमतेचा विमानतळही सुरू झाला. दोन्हींना नाव त्यांचंच. प्रवासी फारसे आले नाहीत. मध्यंतरी तिथल्या मालवाहतुकीच्या इमारतीत भाताची साठवण झाली. बंदर २०१७ मध्ये ९९ वर्षांच्या करारावर चिनी कंपनीकडे गेलं. तुमच्या विरोधकांना यात अपयश दिसेल. तुम्ही नामफलकाकडे बघा.

इथे जरा थांबतो, कारण हा मुद्दा बहुतेक नवशिक्या मंत्र्यांना कळत नाही. त्यांना वाटतं, तोट्यातला प्रकल्प ही चूक आहे. जेम्स रॉबिन्सन आणि राग्नार तोर्विक यांनी २००५ मध्ये पांढऱ्या हत्तींवर एक निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं असं, की हे प्रकल्प तोट्यात असूनही नव्हे, तर तोट्यात आहेत म्हणूनच राजकारणात उपयोगी पडतात. विचार करा. फायद्याचा प्रकल्प कुठलंही सरकार पूर्ण करील, मग मतदाराने तुम्हालाच का निवडावं? पण जो कारखाना शहाणा माणूस एका दिवसात बंद करील, तो चालू ठेवण्याची गरज फक्त तुम्हाला आहे, आणि तिथल्या कामगारांनाही हे ठाऊक असतं. तोटा जितका मोठा, तितकं तुमचं वचन पक्कं. यातल्या रॉबिन्सन यांना २०२४ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, म्हणजे सिद्धान्ताची गुणवत्ता वादातीत आहे. (त्यांना नोबेल मिळालं ते दुसऱ्या कामासाठी, पण हे भाषणात सांगायची गरज नाही.)

आता गणित. कर्ज देणारे लाभ-खर्चाचा तक्ता मागतातच. पूर्वी जास्त मागायचे. तक्त्याने समर्थन केलेल्या प्रकल्पांचं प्रमाण १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सुमारे ७० टक्के होतं आणि २००० नंतर ते ३० टक्क्यांच्या आसपास आलं, हे जागतिक बँकेच्याच मूल्यमापन गटाने २०१० मध्ये नोंदवलं आहे. तरी एखादा खडूस अधिकारी भेटायचाच, म्हणून तयारी ठेवा.

तक्ता खालून वर भरायचा. आधी उत्तर लिहा, मग त्याला पुरतील असे आकडे. सगळ्यात आज्ञाधारक आकडा वटाव दराचा, म्हणजे भविष्यातल्या पैशाची आजची किंमत ठरवणारा. तीस वर्षांनी मिळणारे १०० रुपये १२ टक्के दराने आज जेमतेम ३ रुपयांचे भरतात, आणि ३ टक्के दराने ४१ रुपयांचे. तुमच्या धरणाला ३ टक्के लावा, विरोधकाच्या जिल्ह्यातल्या शाळांना १२. मग मजुरी. मजुरी हा खर्च असतो, पण तुम्ही तिला 'रोजगारनिर्मिती' म्हणा आणि लाभाच्या रकान्यात ढकला. रस्त्याने वेळ वाचतो तो एकदा मोजा, त्या वाचलेल्या वेळेमुळे जमिनीचे भाव वाढतात ते पुन्हा मोजा. गोष्ट एकच आहे, पण तक्त्याला ते कळत नाही.

अंदाजपत्रक कमी आणि वाहतुकीचा अंदाज जास्त, ही जोडी कधी तोडू नका. बेंट फ्लिव्हबर्ग आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये वीस देशांतले २५८ वाहतूक प्रकल्प तपासले, तेव्हा दहापैकी नवांचा खर्च अंदाजापेक्षा जास्त निघाला. रेल्वेचा तर सरासरी ४५ टक्क्यांनी. एकटा प्रामाणिक अंदाज घेऊन रांगेत उभं राहिलात, तर सगळ्यात महागडा प्रकल्प तुमचाच दिसेल.

कोणी फारच खोदून विचारलं, तर दक्षिण कोरियाचं नाव घ्या. पोहांगच्या पोलाद कारखान्याला जागतिक बँकेचा पाठिंबा नव्हता. १९७३ मध्ये तो सुरू झाला आणि पुढे जगातल्या आघाडीच्या पोलाद उत्पादकांत जाऊन बसला. म्हणजे तज्ज्ञ नाही म्हणाले की प्रकल्प चांगला, हे सिद्ध झालं. त्या देशात सवलती घेणाऱ्या उद्योगांना निर्यात करून दाखवावी लागे, हा तपशील गाळा. आणि १९९४ ते १९९८ या काळात तिथल्या मंत्रालयांनी स्वतःच्या ३३ प्रकल्पांची व्यवहार्यता तपासली तेव्हा एक सोडून सगळे पास झाले, म्हणून १९९९ पासून मोठ्या प्रकल्पांची प्राथमिक तपासणी त्या मंत्रालयांच्या हातातून काढून घेतली, हा तर मुळीच उच्चारू नका. असली व्यवस्था तुमच्याकडे आली तर तुम्ही करायचं काय?

निर्यातीचं उदाहरण मागणारा भेटला, तर टांझानियातला मोरोगोरोचा जोड्यांचा कारखाना टाळा. जागतिक बँकेचं कर्ज होतं, नवी यंत्रं होती, युरोपला जोडे पाठवायची योजना होती. भिंती ॲल्युमिनियमच्या, हवा खेळायला जागा नाही, आणि तेही उष्ण हवामानात. क्षमतेच्या ४ टक्क्यांवर तो कधी गेला नाही, आणि १९९० मध्ये बंद पडला. फिलिपिन्समधल्या बतानच्या अणुवीज केंद्राबद्दलही मौन बरं. त्याने एक युनिट वीज दिली नाही, पण कर्जाचे हप्ते २००७ पर्यंत चालले.

देखभालीसाठी तरतूद नको. आफ्रिकेत १२ अब्ज डॉलरची देखभाल वेळेवर केली असती तर दहा वर्षांत रस्त्यांच्या पुनर्बांधणीचे ४५ अब्ज वाचले असते, असं जागतिक बँकेने १९९४ मध्ये लिहिलं होतं. पुनर्बांधणीला मात्र नवी कोनशिला बसते.

शेवटची गोष्ट म्हणजे, सुरू भरपूर करा, पूर्ण कमी करा. घानातल्या स्थानिक संस्थांच्या सुमारे १४,००० छोट्या कामांच्या अभ्यासात जवळपास एकतृतीयांश कामं कधीच पूर्ण होत नाहीत असं आढळलं. नायजेरियातला अजाओकुटाचा पोलाद कारखाना १९९४ मध्येच ९८ टक्के तयार झाल्याचं सांगितलं गेलं, आणि त्याचं पोलाद हाती येण्याची वाट देश अजून बघतोय. उरलेल्या दोन टक्क्यांना हात लावू नका. प्रकल्प पूर्ण झाला की तो चालतो का हे लोक मोजायला लागतात. अपूर्ण प्रकल्पाला फक्त निधी कमी पडलेला असतो, आणि तो का कमी पडला हे सांगायला मागचं सरकार आहेच. सुधारित अंदाजपत्रकाची फाईल तेवढी आजच तयार ठेवा. मूळ अंदाजपत्रक काय, उद्या मंजूर होईल.