विकत घेतलेली सिरीज अकराव्या इनिंगपर्यंत का गेली?

लॉस एंजेलिस डॉजर्सनी २०२५ मध्ये टोरांटोला हरवून सलग दुसऱ्यांदा वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकन बेसबॉलची सात सामन्यांची फायनल, जिंकली आणि तेव्हापासून बेसबॉल बघणारा जो तो एकच पाढा म्हणतोय : हा कप जिंकला नाही, विकत घेतलाय. दाव्याचं पूर्ण रूप साधारण असं. ज्याच्याकडे पैसा तोच जिंकतो. त्यांच्यासमोर कुणाची डाळ शिजणारच नव्हती. आपला सगळ्यात मोठा तारा ओतानी याचा पगार पुढे ढकलून त्यांनी नियमांना बगल दिली. बाकी २९ संघांच्या चाहत्यांनी आता आशा सोडावी. आणि इलाज एकच, पगारखर्चावर कमाल मर्यादा. फायनलला मीही टोरांटोच्याच बाजूने होतो, त्यामुळे डॉजर्सची वकिली करायची मला हौस नाही. पण हे सगळं असंच्या असं गळी उतरत नाही.

पैशापासून सुरुवात करू. २०२५ ला पगारावर सर्वाधिक खर्च करणारे पहिले दोन संघ डॉजर्स आणि न्यूयॉर्क मेट्स. मेट्सनी एकट्या हुआन सोटोशी १५ वर्षांसाठी ७६.५ कोटी डॉलरचा करार केला. फळ काय? ८३ विजय, ७९ पराभव, आणि हंगामाच्या शेवटच्या दिवशी मायामीकडून हरून घरी. अगदी तेवढेच सामने जिंकलेलं सिनसिनाटी प्लेऑफमध्ये, म्हणजे साध्या हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत, गेलं, आणि त्यांचा खर्च मेट्सच्या निम्माही नव्हता. त्याआधी २०२३ मध्ये तर मेट्स तोवरच्या इतिहासातला सगळ्यात महागडा संघ होता. शर्झर आणि व्हर्लँडर हे दोन म्हातारे वाघ, दोघेही पिचर, प्रत्येकी वर्षाला ४ कोटींहून जास्त डॉलर घेणारे. हंगाम संपायच्या आत दोघांचीही रवानगी झाली आणि संघ ७५ विजयांवर थांबला.

खुद्द डॉजर्सचंच बघा ना. २०२२ ला १११ सामने जिंकले आणि पहिल्याच फेरीत सॅन दिएगोने बाहेर काढलं. २०२३ ला १०० जिंकले आणि ८४ विजयांच्या ॲरिझोनाने ३-० ने धुतलं. तिजोरी तेव्हाही भरलेलीच होती. २००१ ते २०२५ या २५ हंगामांत १६ वेगवेगळे संघ विजेते झाले, आणि डॉजर्सच्या आधी सलग दोनदा जिंकणारा शेवटचा संघ यँकीज, १९९८ ते २०००. पैशाने ऑक्टोबरचं, म्हणजे प्लेऑफचं, दार उघडतं, हे मला मान्य आहे. डॉजर्स २०१३ पासून एकदाही प्लेऑफ चुकलेले नाहीत, तो पैशाचा प्रतापच. पण दावा दाराचा नाही, कपाचा आहे.

आता ‘समोर कुणी टिकणारच नव्हतं’. हे म्हणणाऱ्याने १ नोव्हेंबरचा सातवा सामना बघितला नसावा, किंवा आठवायचा नसावा. नववी, म्हणजे एरवी शेवटची इनिंग, टोरांटो ४-३ ने पुढे, अजून दोन बॅटर आउट केले की कप त्यांचा. बॅटिंगला कोण? ओतानी नाही, बेट्स नाही, फ्रीमन नाही, महागड्या ताऱ्यांपैकी कुणीच नाही. क्रमाने शेवटचा, नववा बॅटर मिगेल रोहास. वय ३६, वर्षाचा पगार ५० लाख डॉलर, म्हणजे त्या संघात चिल्लरच. आदल्या सामन्याआधी सिरीजमध्ये तो बहुतेक बाकावरच होता. त्याने टोरांटोचा पिचर जेफ हॉफमनचा चेंडू डावीकडच्या प्रेक्षकांत भिरकावला, म्हणजे होमरन, आणि सामना बरोबरीत आला.

लगेच टोरांटोची पाळी : तिन्ही बेसवर त्यांचे धावपटू, एक आउट, एक धाव आली की कप त्यांचा. डॉल्टन वार्शोचा जमिनीवरून आलेला चेंडू त्याच रोहासकडे गेला, त्याचा तोल गेला, तरी त्याने घरच्या प्लेटकडे फेकला. कॅचर विल स्मिथचा पाय क्षणभर प्लेटवरून उचलला गेला, परत टेकला, आणि तिकडे धावत आलेला टोरांटोचा कायनर-फलेफा काही इंचांनी आउट. रिप्ले परत परत बघितला गेला, निर्णय तोच राहिला. पुढचाच बॅटर क्लेमेंट, त्याचा उंच फटका. नुकताच मैदानात उतरलेला अँडी पाहेस धावत आला, आपल्याच किके हर्नांडेझवर आदळला आणि त्याला आडवा करून कॅच घेतला. यातली एक गोष्ट हातभर इकडेतिकडे झाली असती, तर आज हीच मंडळी टोरांटोच्या जिगरीवर बोलत असती. अकराव्या इनिंगला स्मिथने होमरन मारला. त्यावर टोरांटोच्या गरेरोने डबल, म्हणजे दुसऱ्या बेसपर्यंत नेणारा फटका, मारून सुरुवात केली, तो तिसऱ्या बेसपर्यंत पोचलासुद्धा, आणि मग कर्कची बॅट मोडून डबल प्ले झाला, एकाच चेंडूवर दोघे आउट. ५-४. विकत घेतलेल्या वस्तूची डिलिव्हरी अशी होत नाही.

हो, डॉजर्सचा पिचर यामामोतो आहेच. १२ वर्षांचे ३२.५ कोटी डॉलर, पैसाच तो. पण आदल्या रात्री ९६ चेंडू टाकून सामना जिंकून दिलेला पिचर दुसऱ्या दिवशी नवव्या इनिंगला परत उभा राहतो आणि शेवटपर्यंत टाकतो, हे कुठल्याच करारात लिहिलेलं नसतं. आणि टोरांटोला गरीब बिचारं म्हणणाऱ्यांसाठी : गरेरोचा करार ५० कोटींचा आहे.

ओतानीच्या पगाराबद्दल अर्धवट माहिती सगळ्यात जास्त फिरते. दहा वर्षांच्या कराराच्या ७० कोटी डॉलरपैकी ६८ कोटी त्याला २०३४ ते २०४३ या काळात मिळणार, हे खरं. पण लक्झरी टॅक्सच्या, म्हणजे ठरावीक रकमेपेक्षा जास्त पगारखर्च करणाऱ्या संघांवरच्या कराच्या, हिशेबात तो वर्षाला २० लाखांचा नाही, सुमारे ४.६ कोटी डॉलरचा धरला जातो, आणि पुढे द्यायचे पैसे क्लबला आधीपासून बाजूला ठेवावे लागतात. ही सोय तीसही संघांना खुली आहे. वॉशिंग्टनने शर्झरच्या २१ कोटींतला निम्मा पगार असाच पुढे ढकलला होता आणि २०१९ ला कप घेतला. तेव्हा बेसबॉल बुडाल्याची बोंब कुणी मारली नव्हती.

कमाल मर्यादेबद्दल आपल्याला अमेरिकेकडे बघायचीही गरज नाही. आयपीएलमध्ये खेळाडूंवरच्या खर्चाची मर्यादा सगळ्या संघांना सारखीच असते. तरी २००८ ते २०२५ च्या १८ हंगामांत मुंबई आणि चेन्नईने मिळून १० कप नेले.

राहता राहिली आशा. सिॲटल हा वर्ल्ड सिरीजपर्यंत कधीच न पोचलेला एकमेव संघ. २०२५ ला तो तिथपासून आठ आउट दूर होता, तेव्हा जॉर्ज स्प्रिंगरने सातव्या इनिंगला तीन धावांचा होमरन मारला आणि टोरांटो पुढे गेलं. सिॲटलचं स्वप्न मोडलं त्यात डॉजर्सचा हात कुठे होता? मिलवॉकीने तर कमी खर्चात त्या वर्षी सर्वाधिक, ९७ सामने जिंकले आणि साध्या हंगामात डॉजर्सना सहापैकी सहा सामन्यांत हरवलं. मग प्लेऑफमध्ये ४-० ने हरले, ती गोष्ट वेगळी. चार सामन्यांत ओतानीसारखा माणूस एकाच दिवशी तीन होमरन मारून वर पिचिंग करत दहा जणांना स्ट्राइकआउट करतो, त्याला कोण काय करणार.

पिट्सबर्गच्या चाहत्याचं दुःख मात्र खरं आहे. २०१५ नंतर प्लेऑफ नाही. पण मोठे क्लब स्थानिक उत्पन्नाचा मोठा वाटा सामायिक गंगाजळीत टाकतात आणि त्यातला हिस्सा पिट्सबर्गलाही मिळतो. तो खेळाडूंवर किती खर्च होतो, हे विचारायचं सोडून लोक डॉजर्सच्या नावाने बोटं मोडतात. तिथले चाहते निदान आपल्या मालकालाच संघ विकायला सांगताहेत. मालक आणि खेळाडू यांच्यातला करार १ डिसेंबर २०२६ ला संपतो. तेव्हा कमाल मर्यादा मागणाऱ्या मालकांपैकी किती जण त्याच कागदावर किमान खर्चाची सणसणीत अटही घाला म्हणतात, ते बघायचं.