‘निरंक’ कुणी लिहिलं? शहाद्याच्या वाचकाला उत्तर

भाऊ, तुमची प्रतिक्रिया सोमवारी रात्री वाचली आणि उत्तर द्यायला शुक्रवार उजाडला. मधले दिवस केळीतल्या ठिबकच्या नळ्या बदलण्यात गेले असं सांगता येईल, पण खरं कारण ते नाही. तुमच्या शेवटच्या ओळीपाशी मी अडकलो होतो. तिच्याकडे येतोच.

बाकीच्यांसाठी थोडक्यात. आरोग्य आणि तंत्रज्ञानावर सरकार जो पैसा घालतं, त्याची संसदेत नीट झाडाझडती होत नाही, असं मी मागच्या लेखात म्हटलं होतं. त्यावर मूळचे शहाद्याचे आणि आता पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये असलेले हे वाचक लिहितात: संकटात वेग लागतो, चर्चा काय कामाची? नंदुरबारला ऑक्सिजन प्लांट बसवताना कलेक्टरांनी कुठल्या समितीला विचारलं होतं? शास्त्रातलं खासदारांना काय कळतं? एआयवर खर्च म्हटलं की तुमच्या पिढीच्या पोटात दुखतं. आणि तुमचा सूर नेहमी एकाच सरकारच्या विरुद्ध. शेवटी: ‘नाना, तुम्ही स्वतः तीस वर्षं आरोग्य खात्यात होतात. तेव्हा काय लिहून पाठवत होतात? इतलं लिखीसन काय फरक पडस?’

आधी माझी चूक. २०२० च्या सप्टेंबरातल्या अधिवेशनात ‘प्रश्नच विचारता आले नाहीत’ असं मी लिहिलं होतं. ते बरोबर नाही. प्रश्नोत्तराचा तास रद्द झाला होता, पण अतारांकित प्रश्नांची लेखी उत्तरं मिळत होती. तुम्ही दाखवून दिलंत, लेखात दुरुस्ती केली आहे. पण ‘मग बिघडलं कुठे?’ असं तुम्ही पुढे विचारता, तिथे मला बोलायचंय. लोकसभेत एका दिवसाच्या यादीत वीस तारांकित, म्हणजे तोंडी उत्तराचे, प्रश्न असतात आणि अतारांकित २३०. वीसातले चार-पाचच सभागृहात तोंडी होतात. तरी मोल त्या चार-पाचांचं, कारण त्यांच्यामागे उपप्रश्न येतो. मंत्री उभे असतात, हातात खात्यानं लिहून दिलेला कागद असतो, आणि कुणीतरी नेमकं त्या कागदात नसलेलं विचारतं. लेखी उत्तराला असं उलट विचारता येत नाही. त्याच सप्टेंबरात कामगार मंत्रालयाला विचारलं गेलं, गावी परतताना किती मजूर दगावले? लेखी उत्तर आलं की अशी माहिती ठेवलेली नाही. कोविडनं किती आरोग्य कर्मचारी गेले? केंद्राकडे आकडा नाही, आरोग्य हा राज्याचा विषय. तेव्हा आयएमएनं चिडून ३८२ डॉक्टरांची यादी काढली. आमच्या एएनएम, म्हणजे गावोगावच्या नर्स ताई आणि आशा त्या यादीत असण्याचं कारणच नव्हतं, ती डॉक्टरांची संघटना.

आता नंदुरबार. हा दाखला तुम्ही देणार हे ठाऊकच होतं, आणि त्याचा अभिमान मलाही तुमच्याइतकाच आहे. तेव्हाचे कलेक्टर डॉ. राजेंद्र भारूडांनी २०२० च्या सप्टेंबरातच, दुसऱ्या लाटेचं नावही कुणी काढत नव्हतं तेव्हा, पहिला प्लांट बसवला. पुढे एप्रिलमध्ये बाकीचे जिल्हे टँकरची वाट बघत होते आणि नंदुरबारात ऑक्सिजन होता. कुठल्या समितीला विचारलं नव्हतं, खरंय. पण या गोष्टीचा दुसरा भाग व्हॉट्सॲपवर तेवढा फिरला नाही. तिथे ‘ऑक्सिजन नर्स’ नेमल्या होत्या. खाटेखाटेपाशी जायचं, पेशंटची पातळी बघायची, कुणाला किती लागतोय ते ठरवायचं, वाया जात असेल तर थांबवायचं. म्हणजे झाडाझडती तुमच्या दाखल्यातच आहे भाऊ. दिल्लीत नव्हती, खाटेपाशी होती.

आणि दिल्लीतही कुणाला दिसलं नव्हतं असं नाही. २१ नोव्हेंबर २०२० ला आरोग्य खात्याच्या संसदीय स्थायी समितीनं, रामगोपाल यादव तिचे अध्यक्ष, कोविडच्या व्यवस्थापनावरचा १२३ वा अहवाल राज्यसभेच्या सभापतींच्या हाती दिला. सरकारी दवाखान्यांत खाटा अपुऱ्या आहेत, मागणीप्रमाणे ऑक्सिजन मिळावा म्हणून पुरेसं उत्पादन व्हायला हवं, हे त्यात होतं. मग त्या वर्षीचं हिवाळी अधिवेशन भरलंच नाही. अहवाल सभागृहाच्या पटलावर यायला फेब्रुवारी उजाडला. त्यानंतर दोन महिन्यांत काय झालं ते आपण दोघांनी पाहिलंय. तेव्हा संसदेनं विचारत बसल्यामुळे उशीर होतो हे म्हणणं या प्रकरणात तरी उलटं आहे. विचारणाऱ्यांनी वेळेवर सांगितलं होतं, ऐकायला सभागृहच नव्हतं.

खासदारांना शास्त्रातलं काय कळतं? पुष्कळदा काही कळत नाही, मान्य. पण २०१३ चा एक अहवाल आठवा. तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यात मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची एचपीव्ही लस देण्याचा एक प्रकल्प झाला होता, पाथ नावाची परदेशी संस्था आणि आपली सरकारी वैद्यकीय संशोधन संस्था आयसीएमआर त्यात होते. स्थायी समितीनं तपासताना लशीच्या रसायनात डोकं घातलं नाही. संमतीच्या कागदावर सही कुणाची, एवढं बघितलं. तर आंध्रात कितीतरी मुलींच्या कागदांवर वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या. धडगाव-अक्कलकुव्याच्या आश्रमशाळा ज्यानं पाहिल्यात त्याला यातलं गांभीर्य वेगळं समजवायला नको. लस वाईट असा याचा अर्थ नाही, माझ्या नातीला मी ती द्यायला लावली आहे. आईबापाला विचारलं का, हे बघायला एमबीबीएस लागत नाही.

आता ती शेवटची ओळ.

संसदेत किंवा विधानसभेत प्रश्न लागला की तो खाली कसा येतो, सांगतो. मुंबईहून जिल्हा परिषदेला, तिथून तालुका आरोग्य अधिकाऱ्याला, तिथून प्राथमिक आरोग्य केंद्राला. कागदाच्या डोक्यावर ‘अतितातडीचे’. माहिती आज संध्याकाळी पाचपर्यंत हवी. सोबत एक तक्ता, दहा-बारा रकाने. ज्या रकान्यात सांगण्यासारखं काही नाही तिथे आम्ही लिहायचो ‘निरंक’. शून्यापेक्षा हा शब्द सोयीचा. शून्य म्हणजे मोजलं आणि काही निघालं नाही. निरंक म्हणजे मोजलं असेल, नसेलही.

असाच एक तक्ता पावसाळी अधिवेशनात माझ्याकडे आला होता. ‘कुपोषणामुळे झालेले बालमृत्यू’ असा रकाना. आमच्या हद्दीत, सातपुड्यातल्या एका पाड्यावर, पंधरा दिवसांपूर्वी एक मूल गेलं होतं. दीड वर्षाचं, वजन सहा किलोच्या आत. रजिस्टरमध्ये कारण होतं ताप आणि न्यूमोनिया. तेही खोटं नव्हतं, शेवटचा ताप त्याला आलाच होता. मी रजिस्टर उघडलं, कारणाचा रकाना बघितला, आणि तक्त्यात निरंक लिहून सही केली. पाच वाजायच्या आत पाठवलं म्हणून साहेबांनी शाबासकी दिली. पुढे विधानसभेत उत्तर गेलं असेल, मी कधी शोधलं नाही. तर भाऊ, मी हे लिहून पाठवत होतो.

म्हणूनच २० जुलै २०२१ ला राज्यसभेत जे उत्तर आलं, ते ऐकून देशभर लोक संतापले आणि मी मात्र गप्प बसलो. आपल्या शेजारच्या दिंडोरीच्या तेव्हाच्या खासदार, आरोग्य राज्यमंत्री भारती पवार यांनी सांगितलं की ऑक्सिजनअभावी मृत्यू झाल्याचं राज्यांनी वेगळं कळवलेलं नाही. लोक म्हणाले, धडधडीत खोटं. मला त्यात आमचा रकाना दिसला. राज्यांनी कळवलं नाही कारण जिल्ह्यांनी कळवलं नाही, जिल्ह्यांनी नाही कारण दवाखान्याच्या कागदावर कारण ‘श्वसनक्रिया बंद’ असंच पडतं. आणि एकाच सरकारविरुद्ध सूर म्हणता, तर हेही लिहून ठेवा: तेव्हा मुंबईत महाविकास आघाडी होती आणि तिचे आरोग्यमंत्रीही ऑक्सिजनअभावी माणसं गेली असं आम्ही म्हटलेलंच नाही, असं सांगत होते. निरंकाला पक्ष नसतो.

एआयवरून मला टोमणा मारलात, तो या सगळ्याला जोडूनच बघा. २०२४ च्या मार्चमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं एआय मिशनला पाच वर्षांसाठी सुमारे १०,३७२ कोटी मंजूर केले. आरोग्याच्या डिजिटल मिशनला त्याच्या दोन वर्षं आधी १,६०० कोटी. माझ्या पोटात दुखत नाही. साताठ किलोमीटर डोंगर उतरून आलेल्या बाईला जुने कागद सोबत आणावे लागू नयेत, यापेक्षा चांगलं काय असेल? माझा प्रश्न एवढाच की त्या यंत्राला खाऊ घालणार काय? आमचीच रजिस्टरं ना?

ऑगस्ट २०२३ मध्ये आयुष्मान भारत योजनेवरचा, सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगचा अहवाल संसदेत आला. त्यात सुमारे साडेसात लाख लाभार्थ्यांचा मोबाइल नंबर एकच निघाला: दहा वेळा नऊ. सरकारचं म्हणणं असं की ओळख पटवायला हा नंबर वापरत नाहीत, नुसता संपर्कासाठी आहे. पटण्यासारखं आहे. पण तुम्ही सॉफ्टवेअरवाले, तुम्हाला यातली गंमत माझ्याआधी कळायला हवी. मोबाइलचा रकाना भरल्याशिवाय पान पुढे सरकत नसेल, समोर बसलेल्या म्हाताऱ्याकडे फोन नसेल आणि बाहेर रांग लागली असेल, तर ऑपरेटर दुसरं काय करील? आम्ही निरंक लिहायचो, तो नऊ दाबतो. त्याच अहवालात, मरण पावल्याची नोंद असलेल्या पेशंटांच्या नावावर नव्या उपचारांचे दावे मंजूर झाल्याचंही आहे. हे कुणी शोधलं? हिशेब तपासणाऱ्यांनी. असे अहवाल पुढे संसदेच्या लोकलेखा समितीकडे जातात. तिचं अध्यक्षपद १९६७ पासून विरोधी पक्षाकडे देण्याचा प्रघात आहे, म्हणून तिथे निदान उलट विचारायची सोय आहे. सभागृहातलं काय सांगू? २३ मार्च २०२३ ला सुमारे ४५ लाख कोटींचा खर्च लोकसभेनं चर्चेविना, गिलोटिननं म्हणजे उरलेल्या सगळ्या मागण्या एकदम मताला टाकून, काही मिनिटांत मंजूर केला. त्यात आरोग्यही होतं, तुमचं आयटीही.

फरक काय पडस, म्हणता. सगळ्या प्रश्नांनी पडत नाही. पण आपल्याकडचंच एक घ्या. १ जुलै २०२३ ला सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या निर्मूलनाचं मिशन सुरू झालं, चाळीशीच्या आतल्या सात कोटी लोकांची तपासणी करायची. नंदुरबारात हा आजार घराघरातला. प्रश्न विचारला जातो ‘किती तपासले?’ आणि उत्तर येतं लाखा-कोटींत, सगळे खूश. तपासलेल्यातल्या ज्या पोराला आजार निघाला त्याला त्यावरची हायड्रॉक्सियुरियाची गोळी महिन्याच्या महिन्याला त्याच्याच आरोग्य केंद्रात मिळते का, हा झाला उपप्रश्न. तो मी आपल्या खासदारांसाठी साध्या भाषेत लिहून ठेवलाय. पंधरा दिवस आधी सूचना द्यावी लागते, तेव्हा पुढच्या अधिवेशनाच्या बेतानं पाठवीन.

त्याआधी तुमच्याकडून एक काम हवंय. दिवाळीला शहाद्याला याल तेव्हा तुमच्या गावच्या आरोग्य केंद्रात जाऊन या. फोन करू नका, फोनवर ‘आहेत, आहेत’ म्हणतील. औषधांचा स्टॉक लिहिलेलं रजिस्टर मागा, त्या गोळीचं पान काढा, आणि शेवटच्या ओळीत काय लिहिलंय ते मला इथेच खाली कळवा.