पंप गेला एक, बिल आलं सगळ्याचं

"पंप गेला एक आणि बिल सगळ्या सिस्टीमचं? ही लूट नाही तर काय?" काल कट्ट्यावर आल्या आल्या सुधीर तापलेलाच होता. ट्रकचा हाय-प्रेशर पंप, म्हणजे डिझेल दाबाने पुढे ढकलणारा पंप, गेलाय आणि मेकॅनिकने पंपाबरोबर सगळे इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारे), रेल (दाबाचं डिझेल त्यांना वाटणारी नळी), पाइप, वर टाकी धुणं असं लिहून दिलंय.

नानांची हयात पंप-नोझलच्या कामात गेली. ते म्हणाले, "लूट कशी? पंप आतून घासलाय ना? मग घासून निघालेला चुरा गेला कुठे? रेलमध्ये, तिथून इंजेक्टरमध्ये, उरलेला रिटर्नच्या पाइपने टाकीत. नुसता पंप बदललास तर महिन्याभरात इंजेक्टर जाम होतील, मग मजुरी दोनदा भर."

"जुन्या गाड्यांत हे नव्हतं," बाळू मध्येच पडला.

नव्हतंच. जुन्या इनलाइन पंपाच्या कॅमला, म्हणजे आतल्या फिरत्या भागाला, इंजिन ऑइल मिळायचं. कॉमन रेलच्या, म्हणजे एकाच रेलमधून सगळ्या इंजेक्टरना डिझेल देणाऱ्या नव्या रचनेच्या, बहुतेक पंपांना वंगण म्हणून डिझेलच. दाब २००० बारच्या आसपास (एक बार म्हणजे साधारण हवेचा दाब), इंजेक्टरमधली फट दोन-चार मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्यात गंधक काढताना डिझेलचा मूळचा वंगणपणाही बराचसा जातो, तो ॲडिटिव्ह घालून भरून काढावा लागतो. डिझेल किती घासू देतं याची चाचणी असते: युरोपात घासल्याची खूण ४६० मायक्रॉनपर्यंत चालते, अमेरिकेत ५२०.

"म्हणजे दोष बनवणाऱ्यांचा! इतका नाजूक पंप द्यायचाच कशाला?" सुधीर.

मला त्याचं अर्धं पटतं. एक पार्ट बिघडला की बाकीचे सगळे सोबत नेतो, अशी रचना करून तिचा सगळा भार गाडीमालकावर टाकणं बरोबर नाही. पण उरलेलं अर्धं नानांनी विचारलं.

"वॉटर सेपरेटरचं पाणी कोण सोडतं?"

सुधीर गप्प. डिझेलमधलं पाणी या सेपरेटरच्या भांड्यात साठतं, ते वेळेवर सोडावं लागतं.

"पाणी शिरलं की डिझेलची फिल्म तुटते, लोखंड लोखंडाला लागतं, वर गंज चढतो. आणि नवा फिल्टर भरता कसा? वरून कॅनने डिझेल ओतून?"

"सगळेच तसं करतात, नाना," बाळू म्हणाला.

"म्हणून सगळ्यांचेच पंप जातात! मधल्या भोकातून ओतलेलं डिझेल गाळलं जातच नाही, सरळ पंपात जातं. फिल्टर कोरडा बसवायचा आणि प्रायमरच्या हातपंपाने डिझेल चढवायचं. हात दुखले तरी चालतील."

हे मी स्वतः गॅरेजांत पाहिलंय. मायक्रॉनच्या मापात बनवलेला महागडा पंप आणि त्यात कळकट कॅनमधलं डिझेल! बघवत नाही.

सुधीरने ड्रायव्हरला फोन लावला. कळलं, पाणी साठल्याचा इशारा देणारा दिवा लागत होता, पण माल वेळेत पोचवायचा म्हणून गाडी थांबवली नाही. सुधीर त्याच्यावर ओरडणार, तोच नानांनी हात वर केला. "त्याला काय बोलतोस? थांबायला वेळ कोणी दिला होता?"

मग कामाचं बोलले. "टाकी धुवायला देऊ नकोस अजून. तळाचं डिझेल काचेच्या बाटलीत काढ आणि रात्रभर ठेव. पाणी असेल तर खाली बसेल. पंपात डिझेल किती जाईल ते ठरवणारा मीटरिंग व्हॉल्व्ह तुझ्यासमोर काढायला सांग. त्याच्या जाळीवर चांदीसारखी चमक, म्हणजे धातूचा चुरा, दिसली तर पूर्ण बिल मान्य कर. जाळी स्वच्छ असेल तर इंजेक्टर आधी टेस्ट बेंचवर, म्हणजे चाचणीच्या यंत्रावर, तपासून घे, मगच पैसे."

वॉरंटीत हे बसतं का, यावर बाळू आणि सुधीरची पुन्हा जुंपली. नाना तेवढ्यात उठून बाटली शोधायला गेले.