गाठोडं जिन्याखाली आणि भाषणात 'घरासारखं'

आज संताप झालाय, म्हणून लांबलचक लिहितेय.

एका धर्मादाय शुश्रूषागृहाच्या नव्या दालनाचं उद्घाटन झालं. चकचकीत फरशी, एकाच रंगाचे पडदे, प्रत्येक खाटेच्या डोक्याशी देणगीदाराची पाटी. भाषणात दर दोन वाक्यांनी 'अगदी घरासारखं'. आणि नव्यानं दाखल झालेल्या एका आजींचं गाठोडं जिन्याखालच्या अडगळीत पडलेलं. जुन्या लुगड्यांची गोधडी, पितळी तांब्या-भांडं, यजमानांची तसबीर. कारण काय, तर इन्फेक्शन.

इन्फेक्शनचं भय खोटं नाही, मान्य. पण त्यावर उपाय आहे. गोधडीला चेनवाले दोन सुती अभ्रे शिवा. अभ्रा दर आठवड्याला 60 अंशांच्या पाण्यात धुवा, गोधडीला ऊन दाखवा. पावसाळ्यात जाड गोधडी वाळत नाही, कुबट वास धरते, म्हणून तेव्हा नुसता अभ्रा बदलायचा. एअर बेड (पडून पडून जखमा होऊ नयेत म्हणून हवा भरलेली गादी) असेल तर गोधडी अंगावर घालायची, अंगाखाली मुळीच नाही. खाली जाड घडी आली की गादीतल्या हवेची उचल कातडीपर्यंत पोचत नाही आणि माकडहाडाशी जखम होते. दर दोन तासांनी कूस बदलायची ती बदलायचीच.

कपड्यांचंही तेच. कुणाचं लुगडं कुणाच्या अंगावर, कारण सगळं एकत्र मशीनमध्ये जातं. प्रत्येकाला चेनवाली जाळीची पिशवी द्या, कपडे पिशवीसकट धुवा. पिशवी दोन तृतीयांशच भरा, ठासून भरली तर साबण आत राहतो आणि अंगाला खाज सुटते. गळ्याच्या आत नावाची फीत शिवा. ही कामं शिंपी दोन दिवसांत करून देतो.

आता त्या चकचकीत फरशीबद्दल. खिडकीचा उजेड तिच्यावर पडला की स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला तिथे पाणी सांडल्यासारखं दिसतं. तो थबकतो, नाहीतर ओलांडायला जातो आणि पडतो. खडबडीत, बिनचमकीची फरशी लावा. पांढऱ्या फरशीवर, पांढऱ्या भिंतीपाशी पांढरा कमोड त्यांना दिसतच नाही. सीट गडद रंगाची हवी. शेजारचा आधाराचा दांडा जमिनीपासून 33 ते 36 इंचांवर, पक्क्या भिंतीत बसवलेला. टॉवेलचा दांडा म्हणजे आधाराचा दांडा नव्हे, माणसाच्या वजनानं तो उखडून हातात येतो. खाट गादीसकट 18 ते 20 इंच, म्हणजे बसल्यावर दोन्ही पाय टेकतात. कुणीतरी प्रेमानं सहा इंची गाद्या दान करतं, खाटा उंच होतात आणि पाय लोंबकळतात. संध्याकाळनंतर पांढऱ्या ट्यूबलाइटऐवजी पिवळा उजेड, आणि खाटेपासून संडासापर्यंत जमिनीलगत मिणमिणते दिवे.

विश्वस्त वाईट माणसं नाहीत. पदरचे पैसे घालतात, सुट्टीचे दिवस देतात. म्हणूनच जास्त वाईट वाटतं.

कारण त्या तांब्याचं पाहा ना. आजींना दिली प्लॅस्टिकची बाटली. संधिवाताच्या बोटांनी झाकण उघडत नाही, हाक मारायचा संकोच, म्हणून पाणीच पीत नाहीत. यातूनच लघवीचं इन्फेक्शन होतं, माणूस एकाएकी असंबद्ध बोलायला लागतो आणि घरचे म्हणतात, 'डोक्यावर परिणाम झाला.' ज्याच्या नावानं तांब्या अडगळीत टाकला, तेच दुसऱ्या वाटेनं आत आलं! तांब्या अर्धाच भरा, म्हणजे उचलायला हलका. उशाशी ठेवा, रोज घासा. संपलं.

पण खरं दुखणं वेळापत्रकात आहे. दिवसपाळीला माणसं कमी, म्हणून रात्रपाळीच्या मावशी पहाटे चारला आंघोळी उरकतात. स्वयंपाकीण लवकर जाते, म्हणून संध्याकाळी साडेसहाला जेवण. नाश्ता साडेआठला. चौदा तास पोट रिकामं! इन्सुलिनवाल्यांची साखर पहाटे उतरते ती यामुळे. रात्री नऊला दूध किंवा मऊ खिचडी, पहाटे सहाला चहा-बिस्किट, एवढं तरी करा. जेवण मोठ्या भटारखान्यातून डब्यांत भरून आणायचं असेल तर आणा, पण निदान आमटीची फोडणी त्या मजल्यावर, ऑक्सिजनपासून लांब, घाला. वासानं भूक चाळवते. देवाचंही तसंच: ऑक्सिजन सुरू असलेल्या खोलीत निरांजन-उदबत्ती नकोच, तिथे विजेची समई. देवघर वेगळ्या खोलीत, आणि ज्योत पेटलेली असेपर्यंत कुणीतरी तिथे थांबायचं.

2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान 150 जणांची सोय होईल असा वृद्धाश्रम म्हटलाय. असू देत दीडशे, पण दीडशे जण एका भोजनगृहात रांगेनं बसवू नका. अमेरिकेत वृद्धांचे डॉक्टर बिल थॉमस यांच्या कल्पनेतून 2003 मध्ये टुपेलो गावात दहा-दहा वृद्धांची घरं उभी राहिली. आपल्याला नवी इमारत नको. दहा-बारा जणांचा गट, त्यांचं एक टेबल, आणि महिनोन् महिने त्याच मावशी. ड्युटी सारखी फिरवली की आज कुणी चहा अर्धा टाकला, कुणाचा पाय सुजला, हे कुणालाच कळत नाही. टेबलावर मेथी निवडायला ठेवा, मटार सोलायला ठेवा. हात चालतात, गप्पा सुरू होतात.

मावशी टिकत नाहीत, हेही खरं. टिकतील कशा? पंख्याला देणगीदार मिळतो, वाढदिवसाच्या केकला मिळतो (मधुमेह्यांच्या दालनात केक!), रात्रपाळीच्या पगाराला मिळत नाही.

तेव्हा यंदा कुणाच्या स्मरणार्थ काही द्यायचं असेल तर आधी संस्थेत फोन करा आणि विचारा, रात्री किती माणसांमागे किती मावशी आहेत, आणि आणखी एकीचा वर्षभराचा पगार किती होईल. तेवढे पैसे त्याच कामासाठी म्हणून लिहून द्या. पाच-सहा जणांनी मिळून दिले तरी चालतील.